उपाशी गोधडी

आमच्या आईची एक समजूत होती: गोधडी उपाशी ठेवायची नाही. चारी बाजूंनी टाके घालून झाले की शेवटचा कोपरा ती उघडा ठेवायची, त्यात बाजरीच्या भाकरीचा वाळवलेला तुकडा सरकवायची आणि मग तो शिवून टाकायची. "उपाशी गोधडी ऊब देत न्हाई," असं तिचं म्हणणं. माहेर पारनेरच्या बाजूचं, तिथून तिने हे आणलेलं. माझं भिंगारच्या बाजारात पिको-फॉल आणि ब्लाउज शिवायचं दुकान आहे. कितीदा म्हटलं, दे इकडे, मशीनवर तासाभरात मारून देते. तर म्हणायची, "मशीनला काय कळतंय कोनाला किती थंडी वाजती!"

धाकटी बहीण समाजकार्याची पदवी घेऊन आधी नगरला, मग पुण्याला आणि शेवटी एका संस्थेतर्फे थेट नैरोबीला गेली. रस्त्यावर राहणाऱ्या मुलांसाठी तिथे एक निवारा आहे, तो ती बघते. वडील जाऊन बरीच वर्षं झालेली, मी सासरचं नातं तोडून परत आलेली. त्यामुळे जगाची लेकरं तिने सांभाळायची आणि आईच्या बीपीच्या गोळ्या मी आणायच्या, अशी आमची वाटणी झाली. मला याचा राग होता. अजूनही थोडा आहे.

दर रविवारी तिचा व्हिडिओ कॉल यायचा. ती मोबाईल खिडकीबाहेर धरून दाखवायची. पलीकडे काचेच्या इमारती, त्यांच्या डोक्यावर क्रेन. अलीकडे पत्र्याला पत्रा चिकटलेली वस्ती. "ताई, खेड्यातून माणसं येतच राहतात गं. शहर वाढतंय, पण यांच्यासाठी नाही," असं ती सांगायची. आई चष्मा सावरून बघायची आणि म्हणायची, "आपल्या एमआयडीसीच्या मागं हाय तसंच हाय की." आणि फोन ठेवताना न चुकता विचारायची, "कायमची कधी येनार गं?"

"येईन आई, एवढं मार्गी लागू दे." ते 'एवढं' काही मार्गी लागत नव्हतं.

तिकडे जुलैत मुलं कुडकुडतात, हे ती एकदा सहज बोलून गेली. आफ्रिकेत कसली थंडी, म्हणून मी हसले. पण ते शहर उंचावर आहे, पांघरूण लागतंच म्हणे. झालं! आईने अख्ख्या गल्लीतून जुनी सुती लुगडी गोळा केली. घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं! दुकानातून दमून यावं तर घरात पाय ठेवायला जागा नाही, सगळीकडे चिंध्या. दिवाळीला बहीण आली, तेव्हा गोधड्या बॅगेत कोंबून आम्ही दोघी बॅगेवर बसलो, तेव्हा कुठे चेन लागली.

पुढच्या पावसाळ्यात एका रविवारी तिने विचारलं, "आई, कोपऱ्यात काय घालतेस गं तू?"

आई दचकली. "का? उंदरांनी कुरतडल्या का काय?"

"उंदरांनी नाही. पोरांनी."

निवाऱ्यात सहा-सात वर्षांची एक नवी मुलगी आली होती. पोटभर जेवून झोपली तरी तिचे हात काहीतरी चाचपत राहायचे. तिला कोपऱ्यातलं ते टणक लागलं. दातांनी टाके तोडून तिने तो तुकडा खाल्ला. सकाळी बाकीच्यांना सांगितलं, आणि दुपारपर्यंत एका गोधडीचा कोपरा शाबूत राहिला नाही. बहीण सांगताना आधी हसत होती. मग तिचं हसू थांबलं. "जेवायला देतो गं आम्ही आई, दोन्ही वेळा देतो. पण भूक डोक्यातून जात नाही त्यांच्या. आता नको घालूस. शिळं असतं, कुणाचं पोट बिघडलं तर?"

आई नुसती "व्हय, व्हय" म्हणाली. त्या रविवारी तिने 'कधी येनार' विचारलं नाही. नंतर कधीच विचारलं नाही.

चार दिवसांनी ती दुकानात आली. मशीनच्या वाऱ्यालाही उभी न राहणारी बाई एक गोधडी माझ्यापुढे टाकून म्हणाली, "ह्या कोपऱ्याला काजं-बटन करून दे."

"गोधडीला बटण? लोक हसतील आई!"

"हसू दे. पोरांला दात लावाया नको. मी रिकामी धाडीन, तुझी बहीन तिथं ताजं काय तरी घालंल."

मी काजं केली. वर चार शब्द सुनावलेही.

उन्हाळ्यात आईचं हृदय थकलं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन काय ते सांगितलं. मी मोबाईल काढला, तर आईने मनगट धरलं. "तिला बोलवू नको. ती आली तर त्या पोरांकडं कोन बघंल?" मला इतका संताप आला! आयुष्यभर जिची वाट बघितली, तिला आता बोलवायचंही नाही? मी तिचं ऐकलं नाही, फोन केला. पण विमान मिळून बहीण पोचली ती सावडायच्या दिवशी. तोंड बघायचं राहिलंच.

आता तरी राहा, असं तिला म्हणायचं मी ठरवलं होतं. पण तेराव्यानंतर ती बटणांच्या गोधड्यांची घडी घालत बसली. एकेक बटण उघडून, आत बोटं घालून बघत होती. मी उठले. बॅगेवर बसले, तिने चेन लावली.

ती गेल्यावर आईचं अंथरूण उन्हात टाकायला काढलं. आईची स्वतःची गोधडी जुनी, बिनबटणाची. घडी घालताना कोपऱ्यातलं टणक हाताला लागलं. घरात कुणी नव्हतं. मी दातांनी टाका तोडला. तुकडा दगडासारखा झाला होता. बराच वेळ तोंडात धरून बसले, तेव्हा कुठे आईच्या हातची बाजरी लागली.