दाराबाहेरच्या चपला

आमच्या रविवारच्या खोलीत चपला आत आणून वर्तमानपत्रावर ठेवतात. इथे येणाऱ्या समलिंगी मुलामुलींच्या घरी अजून काही माहीत नसतं, आणि चपलांवरूनही माणूस ओळखू येतो. नवी आलेली सुजाता सवयीने चपला बाहेरच काढून आली.

ती खळखळून हसली, तेव्हा मी म्हटलं, “अगं हळू, खोली भाड्याची आहे!”

तेवढ्यात तिला शोधत आलेला भाऊ दाराबाहेरून ओरडला, “सुजे, चपला तुझ्याच आहेत. चल घरी!”

ती उठून त्याच्याबरोबर गेली, पुन्हा आली नाही. लोक विचारतात, तुम्हाला वेगळी जागा कशाला हवी? वेगळी कुणाला हवी होती? आम्हाला फक्त चपला दाराबाहेर काढून निर्धास्त हसायचं होतं.

वर्तमानपत्रावर तिच्या चपलांपुरती जागा आम्ही अजून सोडतो.