आश्रमातला सगळ्यात लहान म्हातारा

“अल्झायमर्स,” न्यूरॉलॉजिस्ट म्हणाले. माझा धाकटा भाऊ दिनू शेजारच्या खुर्चीत बसून एकच मोजा पुन्हापुन्हा वर ओढत होता.

“पण त्याची अजून पन्नाशीही झाली नाही,” मी म्हणाले.

“डाऊन सिंड्रोम असलेल्यांना हा आजार लवकर गाठतो. पूर्ण बरा होत नाही. मात्र त्याला सोपं जावं म्हणून पुष्कळ करता येईल.”

डाऊन सिंड्रोम म्हणजे पेशींत जन्मतःच एक गुणसूत्र जादा असणं. त्यामुळे दिनूची समज लहान मुलाएवढीच राहिली. अल्झायमर्स म्हणजे मेंदूच्या पेशी हळूहळू निकामी होत जाणं. आधी आठवण जाते, मग बोलणं, चालणं, शेवटी गिळणंसुद्धा. या दोन्हींचा एकमेकांशी संबंध आहे हे मला तोपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. तुमच्या घरी असा कुणी असेल तर तुम्हाला ते वेळेत कळावं, म्हणून हे लिहिते आहे.

दिनू उमरेड रोडवरच्या एका वृद्धाश्रमात राहतो. आई तिथे जायला तयार झाली ती त्याला बरोबर घेऊनच. ती वारल्यावर विश्वस्तांनी त्याला राहू दिलं, कारण तोवर तो सगळ्यांचा झाला होता. सकाळचा चहा तोच वाटायचा. मग वानखेडे आबांची व्हीलचेअर ढकलत फाटकाशी न्यायचा. आबा कुही तालुक्यातले शेतकरी, जन्मभर धान, म्हणजे भात, लावलेले. रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला की ते त्याला काहीबाही समजावत आणि दिनू प्रत्येक गोष्टीला “हाव”, म्हणजे हो, म्हणायचा.

पहिली खूण अगदी साधी होती. जेवणघराच्या दाराशी पांढरी फरशी संपून काळी सुरू होते. एके दिवशी दिनू तिथे थांबला. चौकट धरून उभा, पाऊल टाकेना. सगळ्यांना वाटलं, हट्ट करतो आहे. पुढे डॉक्टरांनी सांगितलं की मेंदूला खोलीचा अंदाज येईनासा झाला की काळी फरशी खड्ड्यासारखी दिसते. तो घाबरत होता.

मग सकाळी त्याच्या हाताला झटके येऊ लागले. कप पडायचे. आणि एका सकाळी चहाच्या ट्रेसकट तोच पडला. खोब्रागडे मॅडमनी, म्हणजे आश्रमात राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षिकेनं, त्याला कुशीवर वळवलं आणि मला फोन केला.

“सुनंदा, लवकर ये वं. दिनूले फिट आली. श्वास घेऊन राहिला, पण डोळे नाही उघडून राहिला.”

धंतोलीतल्या दवाखान्यात तपासण्या सुरू झाल्या. ईईजी, म्हणजे डोक्याला वायरी चिकटवून मेंदूतल्या विजेच्या लहरी बघणं. एमआरआय, म्हणजे चुंबकाच्या बोगद्यात निजवून मेंदूची चित्रं घेणं. दिनू त्या बोगद्यात क्षणभरही स्थिर राहीना, शेवटी गुंगीचं औषध द्यावं लागलं. मी बाहेर कूलरपासून लिफ्टपर्यंत आणि लिफ्टपासून कूलरपर्यंत. बसलं की पाय हलायचा. शेजारच्या बाईनं शेवटी विचारलं, “तुमाले बरं नाही का जी?”

विसरणं, सुस्ती, चिडचिड ही थायरॉइड कमी असल्यानंही होते, कमी ऐकू आल्यानं किंवा कमी दिसल्यानंही होते. डॉक्टरांनी ते सगळं आधी तपासलं. तुम्हीही तसा आग्रह धरा. दिनूचा थायरॉइड कमी निघाला आणि मी त्या रिपोर्टला चिकटून बसले. गोळी सुरू झाली, फिट्सचंही औषध सुरू झालं. आता बरा होईल, मी सगळ्यांना सांगत सुटले. आश्रमात रोज फोन. आज काय खाल्लं, आज काय बोलला? झटके थांबले. दिवसा जागा राहू लागला. पण शब्द मात्र गळतच राहिले. एकदा माझ्यासमोरच तो हातातल्या चमच्याकडे कितीतरी वेळ बघत बसला. त्यानंतरच्या भेटीत डॉक्टरांनी अल्झायमर्स हा शब्द उच्चारला.

आश्रमाचे मॅनेजर वाईट माणूस नाहीत. पण ते म्हणाले, “ताई, हा वृद्धाश्रम आहे, दवाखाना नाही. उद्या काही झालं तर?” मी दिनूला माझ्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटवर घेऊन आले.

तो चालतच राहिला. दारापर्यंत, मागे, पुन्हा दारापर्यंत. कडी धरून म्हणायचा, “घरी.”

“दिनू, हेच आपलं घर आहे.”

“घरी. आबा.”

जेवण अर्धं राहायचं. मी वाटी घेऊन त्याच्या मागे. माझा नवरा एकदा म्हणाला, “तू याले सांभाळून राहिली का हा तुले फिरवून राहिला?” मला हसू आलं आणि मग रडू थांबेना.

शेवटी मी त्याला घेऊन आश्रमात गेले. त्याचे उरलेले कपडे आणायचे होते. फाटकाशी रिक्षा थांबली आणि दिनू माझा हात सोडून चालू लागला, आबांच्या खुर्चीकडे. आबा ओरडले, “अरे आला गा माह्या दिनू! काहून इतके दिवस लावले?”

मॅनेजर बाहेर आले. मी कपड्यांचं सांगितलं. खोब्रागडे मॅडम मध्येच बोलल्या.

“साहेब, हाच आजार उद्या मले झाला तर मलेही काढाल का?”

“तसं नाही जी मॅडम.”

“मंग कसं आहे ते सांगा ना.”

व्हरांड्यात बसलेले सगळे म्हातारे मॅनेजरांकडे बघत होते. तो प्रश्न त्यांच्यातल्या प्रत्येकाचा होता हे मला तेव्हा कळलं. मॅनेजरांनाही कळलं असावं. ते माझ्याकडे वळले. मग म्हणाले, “मदतीले दिवसभर माणूस ठेवा ताई. खालची खोली देतो.” जेवणघराच्या काळ्या फरशीवर त्यांनी नंतर फिका रंगही मारून घेतला.

माझी बेचैनी गेली आहे असं सांगणार नाही. फोन वाजला की अजून आधी नंबर आश्रमाचा आहे का ते बघते. पुढे काय येणार ते मला माहीत आहे.

पण गेल्या रविवारी मी तिथे जेवायला होते. गोळाभात होता, म्हणजे डाळीच्या गोळ्यांचा भात, वरून फोडणीचं तेल. पहिला घास उचलून दिनू तसाच थांबला, हात ताटाच्या वर. त्याला भरवायला मी उठू लागले, तशी मॅडमनी माझ्या मनगटावर हात ठेवला. मी पंगतीकडे बघितलं. कुणीच जेवत नव्हतं. सगळ्यांचे घास हातात होते आणि भात निवत होता.

“चाल गा दिनू,” आबा हळूच म्हणाले, “भूक लागली न.”

दिनूनं घास तोंडात घातला. मग सगळ्यांनी घातला. पुढच्या घासाला तो पुन्हा थांबला, आणि मीही माझा घास हातात धरून बसून राहिले.