सूर्या नदीतला रोहू आणि मी ठरवलेला गुरुवार

गेल्या मार्गशीर्षातल्या दुसऱ्या गुरुवारी, सकाळी अकराच्या सुमारास, माझ्या सासऱ्यांनी सूर्या नदीत एक रोहू पकडला. काठावर आम्ही पाच जण होतो. तो खाण्याची परवानगी एकालाही नव्हती.

नियोजन माझं होतं. सासरे किनाऱ्यावरच्या मुरबे गावचे, चाळीस वर्षं मासेमारीच्या बोटीवर काढलेले. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तीन वर्षं समुद्र बंद. "एकदा तरी हाताला जिवंत मासा लागू दे," एवढंच ते म्हणाले होते. मी पालघरला वर्तमानपत्रात आहे. इतरांच्या बातम्यांतले वार आणि तारखा तपासणं हे माझं काम. (हे वाक्य बायकोने मला त्यानंतर अनेकदा ऐकवलं आहे.)

मी व्हॉट्सॲपवर गट काढला. सदस्य तीन: मी, सासरे आणि सरावलीला राहणारा मेहुणा. गळ, गांडुळं, मसाला, तवा, सगळ्याची यादी झाली. माझी आणि मेहुण्याची सुट्टी गुरुवारीच जुळत होती. बायकांना आदल्या संध्याकाळी कळवलं, "नदीवर सहल. डबा नको, जेवण तिथेच!"

सासूबाई सकाळी लक्ष्मीची पूजा मांडून, उपवास धरून निघाल्या. सासरे तेव्हा घरातच होते. ते गप्प का राहिले, याचा खुलासा त्यांनी अजून केलेला नाही.

नदीवर पिशवीतून तवा निघाला.

"ह्यो कशाला?" सासूबाईंनी विचारलं.

"मासे तळायला."

"जावयबापू, आज वार कुठला?"

मी सांगितला. उत्तर बरोबर होतं.

"घरात लक्ष्मी बसवून आलेय मी! आणि तुमी मासे तळणार?" त्या बायकोकडे वळल्या. "शुभा, पेपरवाले ह्यांना पगार कशाचा देतात गं?"

"मला वाटलं, तुमी घरात विचारलं असंल," मेहुणा माझ्यापासून दोन पावलं दूर सरकत म्हणाला.

तेवढ्यात पाण्यात गळ सोडून बसलेले सासरे आधाराची काठी टाकून उभे राहिले. "लागला! लागला!"

मासा किलोभराचा होता.

"सोडा त्याला!" सासूबाई ओरडल्या.

"अगो, तीन वर्सांनी लागलाय..."

"मंग परत सोडा नि उद्या पकडा!"

सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी तव्याकडे पाहिलं. त्यांनी मासा दोन्ही हातांत धरला, बराच वेळ धरला, आणि पाण्यात सोडला.

दुपारचं जेवण म्हणजे सासूबाईंनी उपवासासाठी आणलेली सात केळी.

परतताना सासऱ्यांनी गाडीतून मुरब्याच्या जुन्या सोबत्यांना तीन फोन केले. "पाच किलोचा रोहू! खोटं नाय! जावय होता तिथं, पेपरात हाय तो, विचार त्याला!"

तिन्ही वेळा फोन माझ्या हातात आला. तिन्ही वेळा मी वजनाला दुजोरा दिला.