गिटारच्या खोक्याला दिलेला पीळ

माझा नवरा लग्नाआधी हळदी-वरातींत वाजवणाऱ्या बेंजो पार्टीत गिटार वाजवायचा. पुढे दुकान आलं, संसार आला आणि त्याचा अँप, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारं खोकं, माळ्यावर गेला. त्याच पार्टीत गिटार वाजवायला लागलेल्या लेकीने तो खाली काढला तेव्हा आवाज शाबूत होता, पण लाकडी खोक्याचे चारही कोपरे सुटले होते. जाड तार छेडली की फळ्या खडखडायच्या. पार्टीचे मास्तर नवऱ्याचेच जुने जोडीदार, पण त्यांनी लेकीला स्पष्ट सांगितलं, "पोरी, कशेळ्याच्या हळदीला ही खडखड चालायची नाय. नायतर तू घरीच रहा." पार्टीत ती एकटीच मुलगी. या वेळी घरी राहिली असती तर पुन्हा कुणी बोलावलं नसतं.

"भंगारात घाल," नवरा म्हणाला. "नायतर लोखंडी पट्ट्या ठोक." पट्ट्या त्याने पूर्वी ठोकल्याच होत्या आणि त्यांच्या खिळ्यांनीच लाकूड फाडलं होतं. रोगापेक्षा इलाज भयंकर!

मी चिडले. माझं माहेर खालापूरकडचं, पेंढ्याचा धंदा करणारं. टेंपोत घराएवढा भारा रचायचा आणि दोरीत दांडकं घालून असा पीळ द्यायचा की घाटात काडी सुटू नये, हे आम्हाला परकरात असताना येतं. खोकं म्हणजे तरी काय, चार फळ्यांचा भाराच.

आतलं सगळं सामान काढलं. पट्ट्या उपटल्या, सांध्यातला वाळका गम पटाशीने खरवडला. मोडक्या पाटाचे तिकोनी गुटके कापले आणि नवा गम लावून प्रत्येक कोपऱ्यात आतून बसवले. मग कडांना गोणपाट लावून भोवती दोरी आवळली आणि दांडक्याने पीळ दिला. सांध्यांतून गम बाहेर आला.

नवरा दारात उभा राहून हसत होता. "अगं, गिटारचं खोकं हाय ते, गवत नाय!"

"बघालच," मी म्हटलं.

गम वाळल्यावर दोरी सोडली, सामान परत बसवलं आणि लेकीसोबत आम्हीही कशेळ्याला गेलो. वाजवणं सुरू झालं आणि नवरदेवाचा मामा रंगात आला. आमच्याकडे हळदीत मामा रंगात आला की उंच जागा शोधतो. चांगला खात्यापित्या घरचा माणूस, थेट आमच्या खोक्यावर चढून नाचायला लागला. लेकीने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मुद्दाम सगळ्यात जाड तार छेडली.

खडखड नाही. मामाच्या पायाखालून नुसता भरदार, घुमणारा आवाज आला. मला जेवढा अभिमान वाटला, तेवढा लेकीच्या लग्नातही वाटायचा नाही.

मामाला खाली उतरवल्यावर मास्तरांनी वाकून कोपरे चाचपले आणि नवऱ्याच्या पाठीवर थाप मारली. "काम झकास केलंस रं!"

इतक्या वर्षांत नवऱ्याने माझ्या भाकरीलाही कधी बरं म्हटलेलं नाही.

"मी नाय रं," तो म्हणाला. "मी भंगारात घालत होतो. हे हिनं केलंय."