दाराशी ठेवलेली बॅग

इथे बहरीनमध्ये, मनामाच्या बाजारात आमसुलांचा वास आला की मला समोरच्या फ्लॅटमधल्या चाची आठवतात. त्या रत्नागिरीच्या, विधवा, भाच्याकडे राहायच्या. एकुलता एक मुलगा ब्रिटनमध्ये, आणि तिथले नियम आईला येऊ देत नव्हते. त्याने आणि त्याच्यासारख्या कितीतरी जणांनी नियम बदला म्हणून अर्जावर सह्या केल्या, तेव्हा तिथल्या पार्लमेंटात त्यावर चर्चा ठेवली गेली. मी संविधान वाचून दाखवणाऱ्या बापाचा मुलगा. विषय पार्लमेंटात गेला म्हणजे काहीतरी निकाल लागणारच, असं मीच त्यांना छातीठोकपणे सांगितलं होतं. त्या संध्याकाळी मुलासाठी आमसुलं भरलेली बॅग दाराशी ठेवून त्या जपाची तसबी घेऊन माझ्या लॅपटॉपसमोर बसल्या. पडद्यावर बहुतेक खुर्च्या रिकाम्या होत्या. एका खासदार बाईंनी कुणा म्हाताऱ्या आईचं पत्र वाचलं, मंत्र्याने सहानुभूती दाखवली, नियम योग्यच आहेत म्हणाला, आणि सगळे कागद आवरून उठले. मतदान झालंच नाही. अशा चर्चेत ते नसतंच, हे मला ती पाहतानाच कळलं. “हां बोलले काय रे?” चाचींनी विचारलं. “अजून ठरायचंय,” मी म्हणालो. “ठरेल, इंशाल्ला,” म्हणाल्या, आणि बॅग तिथेच राहू दिली. पुढे वर्षभराने त्या वारल्या, तेव्हाही ती दाराशीच होती. मधल्या काळात त्यांनी मला एकदाही काही विचारलं नाही. ठरलं की मी आपणहून सांगायला येईन, असं त्या धरून चालल्या होत्या.