नानांनी पाठवलेली नवी नळी

लग्नानंतर बंगळूरला निघाले, तेव्हा भुसावळ स्टेशनवर नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, माझी बॅग पुन्हा उघडली आणि आईने हळूच कोंबलेली जुनी गोधडी काढून घेतली. "पोरीच्या घरी जुनंपानं जात नाई," एवढंच म्हणाले. मी रडत होते, त्यामुळे भांडायचं राहून गेलं.

त्याला अकरा वर्षं झाली. आमचं सावदा गाव सोडून बाहेर पडलेल्या तुम्हा सगळ्यांसारखीच मीही रुळले. गोड सांबार मुकाट्याने खाते, शेवभाजीचा ठसका कुणाला समजावून सांगत बसत नाही. एक नाद मात्र इथेच लागला. ऑफिस सुटलं की सोसायटीच्या कोरड्या कचऱ्यातून वायरी, बुचं, गोण्या उचलायच्या आणि भिंतीवर टांगायला त्यांची चित्रं विणायची. नवरा आधी वैतागला, मग स्वतःच वायरी आणू लागला.

मागच्या वर्षी एका प्रदर्शनात मला अख्खी भिंत मिळाली. तिच्यासाठी मला आमच्या केळीच्या बागेतल्या ठिबक सिंचनाच्या जुन्या नळ्या हव्या होत्या. उन्हाने पांढुरक्या पडलेल्या, खारींनी कुरतडलेल्या, नानांनी सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या बांधून चालवलेल्या. त्यांचं सगळं आयुष्य त्या गाठींत दिसायचं मला. फोन केला. नाना म्हणाले, "धाडतो."

पार्सल उघडलं तर आत कोऱ्या करकरीत नळीचं बंडल!

"जुन्या भंगारवाल्याले देल्या," नाना फोनवर खुशीत होते. "लेकीले कोनी भंगार धाडते का? लोकं काय म्हनतीन मले?"

माझं डोकं फिरलं. "मला कचराच हवा होता, नाना! इतकं साधं कसं कळत नाही तुम्हाला?"

नानांनी फोन ठेवला.

जुन्या नळ्यांशिवाय माझं काम उभंच राहिलं नाही आणि भिंत दुसऱ्या कुणाला तरी मिळाली. त्याचं वाईट वाटलंच, पण आपलंच वाक्य जास्त टोचत राहिलं. ज्यांचं आयुष्य कौतुकाने भिंतीवर टांगायला निघाले होते, त्यांनाच मी अडाणी ठरवून मोकळी झाले होते.

दिवाळीत बंडल घेऊन सावद्याला गेले. ते बघून नानांचा चेहरा पडला. माहेरचं दिलेलं लेक परत आणते, याहून मोठा अपमान आमच्याकडे नाही.

"परत नाही करत, नाना. आपल्या केळीत अंथरू. जुनी झाली की नेईन."

त्यांनी नळी चिमटीत दाबून पाहिली. "चार-पाच वर्सं लागतीन."

"लागू देत."

"म्हंजे तवर तू येत राह्यशीन न?"

इतक्या वर्षांत त्यांनी मला 'कधी येतेस?' म्हणून एकदाही विचारलं नव्हतं. लेकीला तिच्या संसारातून ओढू नये, हाही त्यांचा नियमच. मी हो म्हटलं आणि आम्ही दोघं वाकून नळी अंथरत गेलो. जिथे आपली वाट बघतात ते घर, हे मी कितीदा ऐकलं होतं. नाना माझी वाट बघतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.