काळजातला पाण्याचा फोड

लातूर नवा जिल्हा झाला त्या काळात मी तिथल्या एका लहान दवाखान्यात ऑपरेशन थिएटरची सिस्टर होते. पावसाने सलग दोन वर्षं दगा दिलेला. थिएटरचं पाणीसुद्धा टँकरने यायचं आणि टँकर आल्याशिवाय आम्ही ऑपरेशनची वेळ ठरवत नसू.

त्या उन्हाळ्यात कंधारकडची एक मेंढपाळ बाई आली. चाळिशीची, काटक, पण उजव्या बरगडीखाली नारळ ठेवावा तसं पोट वर आलेलं. चाऱ्यासाठी नवरा-बायको मेंढरं आणि राखणीचं कुत्रं घेऊन गावोगाव फिरत होते. चालवेना, तेव्हा कुठे तिने दुखणं नवऱ्याला सांगितलं. आमच्या सर्जननी पोट चाचपलं, एक्स-रे पाहिला आणि यकृतात पाण्याची गाठ असल्याचं सांगितलं. कुत्र्याच्या पोटातल्या जंताची अंडी माणसाच्या पोटात गेली की ती होते.

“मेंढराच्या काळजात पान्याचे फोड असतेत, तसं का?” तिने विचारलं. “कापल्यावर लई बार पाहिलेत म्या.”

“तसंच. यकृत म्हणजे तेच काळीज. तुमचा फोड मोठा आहे,” सर्जन म्हणाले.

सर्जन जेमतेम पस्तिशीचे. त्यांनी स्टूल ओढलं आणि ते तिच्या खाटेजवळ बसले. पुढे ते जे बोलले, तसं बोलताना मी कुठल्याच डॉक्टरला ऐकलं नव्हतं.

“बाई, असलं ऑपरेशन मी इथे दोनदाच केलंय. एक माणूस बरा होऊन घरी गेला. दुसरा वाचला नाही. औरंगाबादच्या मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांचा हात जास्त बसलाय. चिठ्ठी देतो, तिकडे जा.”

जो वाचला नाही तो नायगावचा शिंपी होता. गाठीतलं पाणी पोटात सांडलं, ते त्याच्या अंगाला सोसलं नाही आणि टेबलावरच त्याचा श्वास अडकला. मी तिथेच उभी होते. त्यानंतर कितीतरी दिवस सर्जन आमच्याशी धड बोलले नाहीत.

बाईचा नवरा म्हणाला, “सायेब, औरंगाबाद आमी कदी पाहिलं न्हाई. तिथं आमाला कोन इचारतंय?”

बाईने विचारलं, “तो मानूस कशानं गेला, ते कळलं का तुमाला?”

सर्जननी मान खाली घातली. “हो. मी घाई केली. गाठीच्या चहूबाजूंनी कपडा नीट लावायला हवा होता.”

“मंग इथंच करा. आता तुमी घाई करनार न्हाई.”

तरीही त्यांनी दोन दिवस घेतले. आपल्या जुन्या सरांना ट्रंककॉल लावून एकेक पायरी विचारून घेतली. तिसऱ्या दिवशी सकाळी गाठीतले जंत मरावेत म्हणून मी मिठाच्या घट्ट पाण्यात कपड्याच्या घड्या भिजवल्या आणि त्यांनी त्या गाठीभोवती एकावर एक बसवल्या. मग जाड सुईने आतलं पाणी ओढलं. नितळ, अगदी प्यावंसं वाटेल असं. त्यामागून गाठीचा पांढरा, लिबलिबीत पापुद्रा सगळाच्या सगळा बाहेर आला. भूल देणारे डॉक्टर “नाडी चांगली आहे” म्हणाले, तेव्हा सर्जनच्या कपाळावरचा घाम मी दुसऱ्यांदा पुसत होते.

आम्ही सुटलो असं वाटलं, पण चौथ्या दिवशी पोटात ठेवलेल्या नळीतून खालच्या बाटलीत पित्त गळायला लागलं. ते महिनाभर थांबेना. नवरा मेंढरांकडे परतला होता. शेजारच्या खाटेवरच्या पेशंटची सासू आपल्या डब्यातली भाकरी बाईला द्यायची. सर्जन रोज सकाळी आधी हिची बाटली बघायचे आणि त्यांचा चेहरा उतरला की हीच त्यांना म्हणायची, “फिकीर करू नका. कालच्यापेक्षा कमीच हाय.” पुष्कळदा ते खरं नसायचं.

सहाव्या आठवड्यात बाटली कोरडी राहिली. दोन दिवस वाट पाहून सर्जननी नळी काढली.

नवरा न्यायला आला, तेव्हा सर्जननी बजावलं, “कुत्र्याला हात लावला की हात स्वच्छ धुवायचे. जेवायच्या आधी तर धुवायचेच.”

ती हसली. “डाक्टर, प्यायला पानी न्हाई आमाला. हात कशानं धू?”

सर्जननी तिचं गाठोडं उचललं आणि बस सुटेपर्यंत ते स्टँडवर थांबले.